खुर्च्यांनी गिळलेला खर्ज

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉलचे उद्घाटन २३ सप्टेंबर १९६२ रोजी झाले. वाद्यवृंदापुढे लिओनार्ड बर्नस्टाइन उभे होते. सभागृहाचे ध्वनिसल्लागार होते लिओ बेरानेक. जगभरातील ५४ संगीतगृहांचा अभ्यास करून त्यांनी ग्रंथ लिहिला, तोही त्याच वर्षीचा. एवढी तयारी असूनही जाणकारांनी तक्रार केली, की व्हायोलिने लख्ख ऐकू येतात, पण चेलो आणि डबल बेस दिसतात तेवढेच!

संशय आधी भिंतींवर आणि छतावर गेला. छताखाली टांगलेले षटकोनी फलक उंच स्वर परतवत, पण दोन-तीन मीटर लांबीच्या मंद्र तरंगांना ते दाद देत नव्हते. बेरानेक यांना २,४०० आसने हवी होती. प्रत्यक्षात २,६०० हून अधिक बसवली गेली आणि सभागृहाचा आकारही बदलला. ही कारणे खरी होती. पण आणखी एक चोर प्रेक्षकांच्या खालीच दडून बसला होता, तो म्हणजे खुर्च्यांच्या रांगा.

१९६४ मध्ये याविषयी दोन स्वतंत्र शोधनिबंध आले. एक शुल्ट्झ आणि वॉटर्स यांचा, दुसरा बेल लॅब्जच्या गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांचा. (इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवणारी जोडी ती हीच.) मंचावरून निघालेला आवाज खुर्च्यांच्या माथ्यांना चाटून मागे जातो, तेव्हा १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो कमालीचा घटतो, कधी १५ डेसिबलहूनही जास्त. १० डेसिबल गेले म्हणजे ऊर्जा दशांशावर आली. खुर्च्या भरलेल्या असोत वा रिकाम्या, हा खड्डा पडतोच. म्हणजे दोष गादीचा नाही आणि गर्दीचाही नाही.

हे घडते कसे? दोन रांगांमधली फट म्हणजे वर उघडी आणि तळाशी बंद अशी एक खोल पन्हळच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती स्वतःचा एक स्वर धरते. या पन्हळीचाही असा एक ठरलेला स्वर असतो. पाठीची उंची ८५ सेंटिमीटर धरा. ज्या तरंगाची लांबी त्याच्या चौपट, म्हणजे ३.४ मीटर, तो साधारण १०० हर्ट्झचा. असा तरंग फटीत उतरतो, जमिनीवर आपटून वर येतो, आणि येतो तो नेमका उलट्या पावलाने. वरून जाणाऱ्या तरंगाशी गाठ पडली की दोघे एकमेकांना खोडतात. प्रत्यक्ष मोजणीत हा खड्डा बहुधा १५० हर्ट्झच्या आसपास सापडतो.

आपल्या कानांसाठी हे जरा जवळ आणू. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे या खड्ड्यातच. षड्ज ऐकू येईलच, कारण त्याचे वरचे स्वरांश शाबूत असतात. उणे पडते ते त्याचे वजन. स्वर सुरेल असतो, पण भरत नाही.

खुर्च्या काढता येत नाहीत, आणि आसनांना बेताचा उतार देऊन फारसा फरक पडत नाही. मग मंद्र स्वर वरून आणावा लागतो. छतावरून आणि उंच भिंतींवरून येणारा ध्वनी खुर्च्यांना चाटत नाही, तो श्रोत्यावर उतरतो. मात्र त्यासाठी परावर्तक मोठे आणि जड हवेत.

फिलहार्मोनिक हॉलची तपासणी करणाऱ्या बेल लॅब्जच्या चमूत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटलही होते. त्यांचा संयुक्त अहवाल १९६६ चा. १९७६ मध्ये ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आणि वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी हॉल आतून नव्याने बांधला. पुढे १९८० मध्ये मुंबईत एनसीपीएचे टाटा थिएटर उभे राहिले, त्यामागेही हेच दोघे. न्यूयॉर्कचे दुखणे मात्र तेवढ्याने सरले नाही. २०२२ मध्ये तो हॉल पुन्हा नवा झाला. या वेळी मंच पुढे आणला आणि आसने २,७०० हून अधिक होती ती २,२०० वर आणली.

आपल्या गावात नवे नाट्यगृह होते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘आसने किती?’ त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा: या आसनांवरून जाताना खर्जाचे काय होणार, आणि तो भरून काढायला छत कोणते देणार? उत्तर नकाशावरच मागावे. ६० वर्षे, तीन रूपे आणि कोट्यवधी डॉलर खर्चून न्यूयॉर्क शिकले ते हेच.