समाजमाध्यमांवरील विक्री आणि वऱ्हाडातील व्यावसायिक

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आठवडी बाजारात गिऱ्हाईक संत्रे हाताळून पाहते, तुरीची डाळ मुठीत घेऊन चोळते, घासाघीस करते आणि मगच पिशवी पुढे करते. मोबाईलच्या पडद्यावर यांपैकी काहीच शक्य नसते. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागायतदार, मेळघाटातील मध व चिखलदऱ्याची कॉफी विकणारे उत्पादक, महिला बचत गट आणि अकोल्याचे डाळ व्यापारी आज व्हॉट्सॲप, फेसबुक यांसारख्या समाजमाध्यमांचा आधार घेऊ लागले आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि, बाजारात हाताने व डोळ्यांनी जी खात्री पटते, ती येथे शब्दांनी पटवून द्यावी लागते. याचा विसर पडल्यामुळेच बहुतेक चुका घडतात.

पहिली चूक अपुऱ्या माहितीची. छायाचित्र सुरेख असते. परंतु वजन, दर, पोहोचविण्याचा खर्च व विक्रेत्याचा पत्ता यांचा पत्ता नसतो. ‘दरासाठी संपर्क साधावा’ एवढ्यावर भागविले जाते. असा संपर्क साधण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

त्याहून महाग पडते ती तारीख न घालण्याची सवय. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे साधारणतः हिवाळ्याच्या सुरुवातीस, तर मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येतात. दोहोंचे भाव निराळे. एकदा पाठविलेली जाहिरात मात्र या गटातून त्या गटात महिनोन् महिने फिरत राहते. आंबियाचा दर पाहून फेब्रुवारीत कोणी मागणी नोंदविली आणि बागायतदाराने तो दर नाकारला, तर दोष नसताना फसवणुकीचा ठपका त्याच्यावर येतो. जाहिरातीवर बहाराचे नाव व दराची मुदत लिहिल्यास हा वाद उद्भवणार नाही. दुसऱ्याच्या बागेचे छायाचित्र वापरणे हेही असेच अंगाशी येते. नागपुरी संत्र्यास 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्याच्या लागवडक्षेत्रात अमरावती जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. त्या नावाखाली भलतेच फळ गेले, तर हानी एका विक्रेत्यापुरती राहत नाही.

पसंतीचे अंगठे म्हणजे मागणी, असाही समज रूढ आहे. अंगठा दाखविणाऱ्यांत आप्तेष्टच अधिक असतात. खरा हिशेब किती चौकश्या आल्या व त्यांतून किती माल गेला, याचा ठेवावा. व्हॉट्सॲपवरील ‘ब्रॉडकास्ट’ संदेश ज्यांनी विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून मालासोबतच्या चिठ्ठीवर क्रमांक जतन करण्याची विनंती छापावी. उलटपक्षी, गावाच्या गटात श्रद्धांजलीच्या संदेशाखाली पापडाची जाहिरात झळकते, तेव्हा माल उत्तम असूनही लोकांचे मन विटते.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत अतिशयोक्ती विशेष घातक ठरते. ‘मधुमेह बरा करणारा मध’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 53 अन्वये खाद्यपदार्थाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात मोबाईलवरची आहे म्हणून सूट मिळत नाही. इतरत्र आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्या बचत गटास हे ठाऊक असण्याची शक्यता कमी. अशा वेळी गावातील शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने मजकूर आधी वाचून दिल्यास मोठे साहाय्य होईल. दाव्यांऐवजी अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन व भरल्याची तारीख ठळकपणे द्यावी.

मधाविषयी आणखी एक गोष्ट आधीच सांगणे हिताचे असते. थंडीत शुद्ध मधही गोठून रवाळ होतो. हे न सांगितल्यास मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक ‘साखर मिसळली’ अशी तक्रार सर्वांदेखत लिहिते आणि घाबरलेला विक्रेता ती पुसून टाकतो. पुसलेल्या तक्रारीचे छायाचित्र गिऱ्हाइकाजवळ राहतेच, व ते पुन्हा फिरू लागते. तक्रार आहे तेथेच ठेवून, बरणी कोमट पाण्यात ठेवल्यास मध पूर्ववत होतो असे त्याखाली त्याच दिवशी लिहावे. तरीही समाधान न झाल्यास बरणी परत घ्यावी.