उंबऱ्यावरच्या सोबत्यांची बाराही मास निगा

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन देवळांसाठी आणि त्यांवरील कोरीव शिल्पांसाठी ख्यात आहे. मराठवाड्यातील अशा गावांत पाळलेले कुत्रे वा मांजर सहसा बंद घरात राहत नाही. शेत, उकिरडा, शेजारची गल्ली असे फिरून ते अंगणात परततात आणि घरातील लेकरे त्यांना कवटाळतात. म्हणूनच या मुक्या सोबत्यांचे आरोग्य हा अवघ्या कुटुंबाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करण्यास आपण विसरत नाही. तशीच कुत्र्या-मांजरांच्या निगेचीही वेळ ठरलेली असावी.

चैत्र ते ज्येष्ठ : उन्हापासून रक्षण

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच ते शरीर थंड करते. त्याला सावली मिळेल, पाण्याचे भांडे दिवसातून दोन-तीनदा भरले जाईल, याची काळजी घ्यावी. दुपारी तापलेल्या डांबरावर वा फरशीवर चालवू नये, तळपाय भाजतात. जोराची धाप, दाट लाळ, लडखडणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

आषाढ-श्रावण : लस आणि फवारणी

पोळा सरताच भाद्रपद लागतो. हा कुत्र्यांचा हंगाम. माद्यांमागे टोळकी फिरतात, भांडणे होतात, चावे बसतात आणि एका पिसाळलेल्या कुत्र्यापासून रोग अनेकांत पसरू शकतो. पहिली लस टोचल्यावर शरीरात संरक्षण निर्माण होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून आषाढातच आपल्या कुत्र्याला व मांजरालाही रेबीजची लस टोचून घ्यावी. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली मात्रा, पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी एक, असा हा क्रम असतो. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याखेरीज जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही सल्ला घेता येतो. पिल्ले नको असल्यास निर्बीजीकरणाविषयी तेथेच विचारावे.

हाच काळ कापूस-सोयाबीनवरील फवारणीचा. औषधाचे डबे, फवारणीचा पंप आणि भिजलेले कपडे जनावरांच्या वाटेत ठेवू नयेत. उंदरांसाठी ठेवलेले विष मांजराच्याही जिवावर बेतते, कारण विष खाल्लेला उंदीर ते खाऊ शकते. पावसात गोचीड व पिसवा वाढतात. कान, मान आणि बोटांच्या बेचक्या दर दोन दिवसांनी तपासाव्यात. मात्र कुत्र्याचे गोचिडांचे औषध मांजराला कदापि लावू नये. त्यांतील काही औषधे मांजराला प्राणघातक ठरतात.

चावा बसलाच तर

कुत्रे वा मांजर चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सरकारी रुग्णालयात लस विनामूल्य मिळते. जखम खोल असल्यास लसीसोबत जखमेत टोचावयाचे वेगळे औषधही लागते, त्याविषयी अवश्य विचारावे. प्राणी घरचाच असला तरी हयगय नको. चावलेल्या प्राण्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु त्यासाठी उपचार थांबवू नयेत. सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. एकदा लक्षणे दिसली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. लस वेळेवर घेतली तर तो टळतो. खेळताना बसलेला ओरखडा रागावण्याच्या भीतीने लपवू नये, हे लेकरांना आवर्जून सांगावे.

अश्विन ते फाल्गुन : फटाके आणि थंडी

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने भेदरलेले कुत्रे पळून जाते, वाहनाखाली येते. त्या रात्री त्याला घराच्या आतल्या खोलीत ठेवावे. भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे थंडी पडू लागताच, विते. पिल्लांना कोरडे पोते आणि आडोसा द्यावा. दोन आठवड्यांची झाल्यापासून वजनानुसार जंताचे औषध पशुवैद्याकडून घ्यावे.

ताटातले आणि कपाटातले

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे व मनुके कुत्र्या-मांजरांना देऊ नयेत. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. अनेक मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही; स्वच्छ पाणीच उत्तम.

यांतील बहुतेक गोष्टींना खर्च फारसा येत नाही; वेळ तेवढी साधावी लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आषाढाच्या पानावर आजच एक खूण करा : ‘कुत्र्याची लस’. त्या खुणेने आपल्या सोबत्याचे आणि त्याच्या गळ्यात पडणाऱ्या लेकरांचेही रक्षण होईल.