आधी पाणी, मग आम्ल

सकाळी ९. म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नसंशोधन संस्था १९५० पासून चेलुवांबा राजवाड्यात आहे, पण राजेशाही थाट दर्शनी भागापुरताच. आमच्या टेबलावर नाचणीच्या पिठाच्या पुड्या. त्यातली प्रथिनं केल्डाल पद्धतीने मोजायची. शेवटचं टायट्रेशन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं, आणि जुनी बाटली संपलेली.

९.३०. हिशेब. लेबलवर ३७ टक्के, घनता १.१९. म्हणजे लिटरभर आम्ल ११९० ग्रॅम, त्यात हायड्रोजन क्लोराईड ४४० ग्रॅम. रेणुभार ३६.४६ ने भागलं की १२.१ मोलर. मला लिटरभर ०.१ मोलर हवं, तर १०० भागिले १२.१, सुमारे ८.३ मिलि. नवी मुलं घनता विसरतात. टक्के वजनावर असतात, आकारमानावर नाही. घनता सोडली की १२.१ ऐवजी १०.१ येतं.

१०.००. फ्यूम हूड, हातमोजे, चष्मा. कानडी मुलांना मी एवढंच सांगते, 'मोदलु नीरु', आधी पाणी. हायड्रोक्लोरिक एकवेळ सोसून घेईल. पण डायजेशनचं, म्हणजे केल्डालमध्ये आधी पीठ ज्यात उकळतात ते सल्फ्युरिक १८ मोलरचं. त्यात पाणी ओतलं तर ते वरच्या वर उकळून तोंडावर उडतं. द्रावण निवल्याशिवाय फ्लास्क खुणेपर्यंत भरायचा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लास्कवर २७ अंश छापलेलं असतं, ते शोभेला नाही.

११.००. कॉफी. प्रयोगशाळेबाहेर.

११.३०. खरी परीक्षा. ओव्हनमध्ये वाळवलेलं सोडियम कार्बोनेट ०.१३२५ ग्रॅम, थोडं पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब. हिशेबाने २५ मिलि आम्ल लागायला हवं. लागलं २५.६. पुन्हा केलं, तेच. म्हणजे आम्ल ०.०९७७ मोलर. यात कुणाची चूक नाही: वरचेवर उघडलेल्या बाटलीतून वायू निसटतो, आणि लेबलवरचे ३७ टक्के हा अंदाजच असतो. म्हणून ८.३ मिलि पिपेटने मोजायचा अट्टहास मला फुकाचा वाटतो; मोजपात्र पुरतं.

२.००. नाचणी. ०.१ धरलं तर प्रथिनं ७.३ टक्के, ०.०९७७ धरलं तर ७.१. पाकिटावर छापायच्या आकड्यात एवढा फरक चालत नाही.

५.००. लेबल: आम्लाचं नाव, तारीख, करणाऱ्याची सही. तुम्हीही बाटलीवर हिशेबातलं ०.१ लिहू नका; ब्युरेटने दिलेलं ०.०९७७ लिहा.