निर्वात नलिकांच्या ध्वनीची तुलना

हेडफोनसाठी वापरल्या जाणाऱ्या विवर्धकात, म्हणजेच ॲम्प्लिफायरमध्ये, एकाच प्रकारच्या परंतु वेगवेगळ्या कारखान्यांत व वेगवेगळ्या काळी तयार झालेल्या निर्वात नलिका आळीपाळीने बसवून आवाजात पडणारा फरक तपासणे, यास निर्वात नलिकांच्या ध्वनीची तुलना असे म्हणतात. निर्वात नलिकेसाठी मराठीत ‘व्हॉल्व्ह’ हा शब्द रूढ आहे. रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार होऊन अनेक दशके लोटली असली, तरी संगीतप्रेमी आणि विद्युत गिटारवादक आजही त्यांचा वापर करतात. १९४० ते १९७० या काळातील न वापरलेल्या नलिकांचा साठा मर्यादित असल्याने त्यांना नव्या नलिकांपेक्षा पुष्कळ अधिक किंमत मोजावी लागते. त्यामुळे ऐकू येणारा फरक नलिकेचा आहे, विवर्धकाचा आहे, की केवळ श्रोत्याच्या अपेक्षेचा आहे, हा प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

रचना व कार्य

हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत ऋणाग्र, जाळी आणि धनाग्र असे तीन भाग असलेल्या नलिकेस ट्रायोड म्हणतात. तापतंतूमुळे ऋणाग्र तापले की त्यावरील बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि उच्च धन विद्युत दाब असलेल्या धनाग्राकडे ओढले जातात. वाटेतील जाळीवर लहानसा संकेत दिला असता इलेक्ट्रॉनांचा हा प्रवाह कमी-अधिक होतो. जाळीवरील अल्प बदलामुळे धनाग्राच्या बाजूस मोठा बदल घडतो. हेच विवर्धन होय.

हेडफोन विवर्धकांत बहुधा एका काचेत दोन ट्रायोड असलेल्या नलिका वापरतात. ६एसएन७ या आठ पायांच्या नलिकेचा विवर्धनांक सुमारे २० असतो. नऊ पायांच्या लहान नलिकांपैकी १२एयू७ चा विवर्धनांक सुमारे १७ ते २०, ६डीजे८ चा सुमारे ३३, तर १२एएक्स७ चा १०० असतो. युरोपीय कारखान्यांनी याच लहान नलिकांना अनुक्रमे ईसीसी८२, ईसीसी८८ आणि ईसीसी८३ ही नावे दिली. थेट हेडफोन चालवण्यासाठी ६०८० किंवा ६एएस७ या जाड नलिका वापरल्या जातात. त्यांच्या तापतंतूलाच २.५ अँपिअर विद्युत प्रवाह लागतो.

इतिहास

जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास तीत जाळीची भर घातली. १९२५ पासून ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हचे विवर्धक वापरले जाऊ लागले. त्यापूर्वी गायकाला मोठ्या शिंगासमोर गावे लागे आणि आवाजाच्या बळावरच तबकडीवर रेघ उमटे. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका दोन्ही पद्धतींच्या आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांच्या तबकड्या शिंगाच्या पद्धतीच्या, तर १९३० च्या दशकातील तबकड्या विद्युत पद्धतीच्या आहेत. त्यांच्या गायकीतील हळुवार, लांबवलेले स्वर दुसऱ्या प्रकारच्या तबकड्यांत अधिक स्पष्ट ऐकू येतात.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील तीन दशकांत घरगुती उपकरणांतील व्हॉल्व्हची जागा त्याने घेतली. भारतात बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने १९६१ मध्ये रेडिओसंचांसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले.

सातारा व सांगली परिसरातील व्हॉल्व्ह रेडिओ

आकाशवाणीचे सांगली केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवरील त्याचे कार्यक्रम सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांत ऐकले जात. याच सुमारास सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पातून वीजनिर्मिती सुरू झाली होती. तरी अनेक गावांत वीज पोहोचण्यास अवधी लागला. अशा गावांत व्हॉल्व्हचे रेडिओ कोरड्या बॅटऱ्यांच्या जड संचावर चालत. तापतंतूसाठी कमी दाबाची आणि धनाग्रासाठी सुमारे ९० व्होल्टची अशा दोन प्रकारच्या बॅटऱ्या त्यांना लागत.

या संचांचा आवाज ‘गोड’ व ‘भरीव’ असल्याची आठवण सांगितली जाते आणि त्याचे श्रेय व्हॉल्व्हला दिले जाते. मात्र त्या आवाजात इतर घटकांचा वाटा मोठा होता. मध्यम लहरींच्या संचात सुमारे ४ ते ५ किलोहर्ट्‌झच्या वरचे ध्वनी फारसे पोहोचतच नसत, त्यामुळे आवाजातील टोकदारपणा आपोआप कमी होई. प्रदान रोहित्र, कागदी पडद्याचा मोठा स्पीकर आणि लाकडी पेटी यांमुळे खालच्या स्वरांना वेगळा उठाव मिळे. त्याच रेडिओतील व्हॉल्व्ह आजच्या हेडफोन विवर्धकात बसवला, तर हे घटक सोबत येत नाहीत. म्हणून जुन्या रेडिओच्या स्मृतीवरून नलिकेच्या ध्वनीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

ध्वनीतील फरकाची कारणे

उपस्वर

कोणताही विवर्धक मूळ संकेतात काही प्रमाणात स्वतःची भर घालतो. तिला विरूपण म्हणतात. एकच शुद्ध स्वर दिला असता बाहेर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे क्षीण उपस्वर उमटतात. मूळ स्वर मध्य सप्तकातील षड्ज मानला, तर दुसरा उपस्वर तार षड्ज, तिसरा तार सप्तकातील पंचम आणि पाचवा त्याच्याही वरच्या सप्तकातील गंधार असतो. ट्रायोडच्या साध्या मंडलात दुसऱ्या उपस्वराचे प्राबल्य असते. तो मूळ स्वराशी एकरूप होत असल्याने कानाला खटकत नाही. प्रमाण वाढल्यास स्वर किंचित जाड वाटतो. सातवा, नववा असे वरचे विषम उपस्वर अल्प प्रमाणातही कर्कश वाटू शकतात.

उपस्वरांच्या प्रमाणावरून नादाची जात बदलते, हे मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या कामात नेहमीच दिसते. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कारागीर बारकाईने घासून तिला विशिष्ट गोलाई देतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी साधतात. तार, तिचा ताण आणि खोली तीच असते. बदलते ती केवळ तार व घोडी यांची स्पर्शरेषा. तरीही खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागतो. मात्र तानपुऱ्यातील उपस्वर हे वाद्याच्या नादाचाच भाग असतात, तर विवर्धकातील उपस्वर ध्वनिमुद्रणात नसलेली भर असते. शिवाय चांगल्या विवर्धकात त्यांचे प्रमाण फार कमी असते. मूळ संकेताच्या ०.१ टक्का म्हणजे ६० डेसिबेल खाली असलेला दुसरा उपस्वर प्रत्यक्ष संगीत चालू असताना बहुधा झाकला जातो.

संरोध

विवर्धकाच्या अंतर्गत संरोधाचा परिणाम अनेकदा उपस्वरांपेक्षा अधिक ऐकू येतो. प्रदान रोहित्र नसलेल्या व्हॉल्व्ह विवर्धकांचा प्रदान संरोध काही दहा ओहमपासून १०० ओहमच्याही पुढे असू शकतो. एखाद्या हेडफोनचा संरोध मधल्या स्वरांना ३०० ओहम आणि खर्जाच्या भागात ५०० ओहम आहे असे मानले, तर १०० ओहमच्या विवर्धकावर खर्ज मधल्या स्वरांच्या तुलनेत सुमारे ०.९ डेसिबेलने वाढतो. विवर्धकाचा प्रदान संरोध १ ओहम असल्यास हा फरक जवळजवळ शून्य होतो. म्हणजे ‘नलिकेमुळे खर्ज भरला’ असे वाटते, तेव्हा तो परिणाम पुष्कळदा नलिका, मंडल आणि हेडफोन या तिघांच्या जोडणीचा असतो.

वय व स्थिती

एकाच कारखान्यातील एकाच प्रकारच्या दोन नलिकाही तंतोतंत सारख्या नसतात. वापरामुळे ऋणाग्राची उत्सर्जनक्षमता घटते, विवर्धन कमी होते आणि विरूपण वाढते. एकाच काचेतील दोन ट्रायोड असमान झाले, तर डाव्या व उजव्या कानातील आवाज कमी-जास्त होऊन गायकाची जागा एका बाजूस सरकल्यासारखी वाटते. तापतंतू व ऋणाग्र यांच्यातील विद्युत गळतीमुळे ५० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते. आतील भाग सैल असल्यास नलिकेला टिचकी मारताच हेडफोनमध्ये टणत्कार उमटतो. यांपैकी कोणताही दोष एखाद्या कारखान्याचा ‘स्वभाव’ समजला जाण्याची शक्यता असते.

काचेवरील नाव

जुन्या नलिकांच्या बाजारात इंग्लंडची मुलार्ड, जर्मनीची टेलिफुंकेन, नेदरलँड्सची फिलिप्स, तसेच अमेरिकेच्या आरसीए, सिल्व्हेनिया आणि टुंग-सोल ही नावे प्रसिद्ध आहेत. परंतु कंपन्या एकमेकींकडून नलिका घेऊन त्यांवर स्वतःचे नाव छापत असत. त्यामुळे छापील नावावरून मूळ कारखाना निश्चित होत नाही. फिलिप्स समूहातील अनेक नलिकांच्या काचेवर तळाजवळ सांकेतिक अक्षरे असतात. ‘बी’ हे अक्षर इंग्लंडमधील ब्लॅकबर्नचा, तर लहान त्रिकोण नेदरलँड्समधील हेर्लेनचा कारखाना दर्शवतो. धनाग्राची लांबी व रंग, आतील वायुशोषक वलयाचा आकार आणि काचेच्या तळाची घडण यांचाही ओळखीसाठी उपयोग होतो. नव्याने छापलेली बनावट नावेही आढळत असल्याने केवळ नाव पाहून अधिक किंमत देणे धोक्याचे ठरते.

तुलनेची पद्धत

तुलनेत सर्वांत मोठी बाधा आवाजाच्या पातळीची असते. दोन सारख्याच आवाजांपैकी किंचित मोठा आवाज श्रोत्याला अधिक स्पष्ट व चांगला वाटतो. नलिका बदलली की विवर्धन बदलते. म्हणून १ किलोहर्ट्‌झचा स्वर देऊन हेडफोनच्या टोकांवरील विद्युत दाब प्रत्येक वेळी मोजावा आणि पातळी ०.१ डेसिबेलच्या आत, म्हणजे सुमारे १.२ टक्के फरकाच्या मर्यादेत, जुळवावी लागते.

दुसरी अडचण वेळेची आहे. नलिका निवण्यास, काढण्यास आणि नवी नलिका तापण्यास काही मिनिटे लागतात. नादाच्या सूक्ष्म छटांची स्मृती इतका वेळ टिकत नाही. यावर दोन उपाय केले जातात. पहिल्यात दोन समान विवर्धक घेऊन कळ फिरवून तुलना करतात आणि नंतर नलिकांची अदलाबदल करून तीच चाचणी पुन्हा घेतात, म्हणजे फरक नलिकेसोबत गेला की विवर्धकापाशीच राहिला, हे कळते. दुसऱ्यात हेडफोन जोडलेला असताना प्रत्येक नलिकेच्या वेळचा प्रदान संकेत मुद्रित करून ते मुद्रण एकाच साध्या विवर्धकावर ऐकतात.

तिसरी अट नाव लपवण्याची आहे. कोणती नलिका चालू आहे हे श्रोत्याला ठाऊक नसावे आणि क्रम यादृच्छिक असावा. अशा १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक वेळा अचूक ओळख पटली, तर ती केवळ अंदाजाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. आठ-नऊ उत्तरे बरोबर आल्यास मात्र नाणेफेकीपेक्षा वेगळे काही सिद्ध होत नाही. फरक ओळखता येणे आणि तो आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाल्यावरच दुसरीला अर्थ येतो.

श्रवण आणि मापन

कान आणि मापनयंत्र यांतील मतभेद सांगली परिसराला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने बावीस श्रुतींची स्थाने गणिताने निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि १९१० मध्ये त्याविषयी इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी सेवेतील अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी हाच विचार पुढे नेऊन श्रुतींसाठी खास हार्मोनियम तयार करवून घेतला. या निष्कर्षांवर संगीतज्ञांत एकमत झाले नाही. तथापि गायकाच्या कानाला जाणवणारी गोष्ट मोजून पाहता येते आणि मोजलेली गोष्ट पुन्हा कानाने पडताळता येते, ही दिशा त्यातून स्पष्ट झाली.

निर्वात नलिकांच्या बाबतीतही हे दोन्ही मार्ग परस्परपूरक ठरतात. मापनातून उपस्वरांचे प्रमाण, प्रदान संरोध, घरघर आणि दोन्ही बाजूंचा समतोल कळतो. नाव लपवून केलेल्या श्रवणातून त्यांपैकी काय ऐकू येते ते कळते. मापनात फरक असून तो ओळखता येत नसेल, तर श्रोत्याच्या दृष्टीने त्याचे मोल नाही. फरक जाणवतो पण पातळी जुळवून व नाव लपवून केलेल्या चाचणीत तो नाहीसा होतो, तेव्हा त्याचे मूळ नलिकेबाहेर शोधावे लागते. दोन्हीकडे फरक टिकला, तर त्या मंडलात व त्या हेडफोनसह त्या विशिष्ट नलिकेचा ध्वनी वेगळा आहे, एवढेच विधान करता येते. त्यावरून संपूर्ण कारखान्याविषयी निष्कर्ष निघत नाही.

सुरक्षितता

व्हॉल्व्ह विवर्धकात धनाग्राचा विद्युत दाब सामान्यतः १०० ते ३०० व्होल्ट असतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत तो काही काळ टिकतो. नलिका बदलण्यापूर्वी वीज तोडून ती पूर्ण निवू द्यावी आणि काचेला न पिळता तळाशी धरून सरळ वर ओढावी. पाय सारखे दिसले म्हणून नलिका परस्पर बदलता येत नाहीत. १२एयू७ व ६डीजे८ या दोहोंना नऊ पाय असले, तरी त्यांच्या तापतंतूंची जोडणी वेगळी असते. चुकीच्या जागी बसवल्यास नलिका व विवर्धक दोन्ही खराब होऊ शकतात. अमेरिकी बाजारासाठी बनलेले ११० ते १२० व्होल्टचे जुने विवर्धक भारतातील २३० व्होल्टवर रोहित्राशिवाय जोडू नयेत. प्रदान रोहित्र नसलेल्या विवर्धकात नलिका तापत असताना संकेताला धक्के बसतात, म्हणून हेडफोन ती पूर्ण तापल्यानंतरच जोडावा आणि वीज बंद करण्यापूर्वी काढावा.