परीक्षानळीची मुले मोठी झाली

परीक्षानळी हे नावच मुळी फसवे आहे. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचा संयोग होतो तो पसरट बशीत. दोन ते पाच दिवसांत गर्भ मातेच्या उदरात ठेवतात आणि पुढील काम निसर्गच करतो. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे लुईझ ब्राऊन अशा रीतीने जन्मली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून तसाच जन्म झाला. आज जगात अशी माणसे कोटीहून अधिक आहेत. ती पुढे धडधाकट राहतात काय?

बहुतांशी राहतात, असे आम्ही निःशंकपणे सांगू. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात बावीस ते पस्तीस वर्षांच्या अशा तरुणांची तपासणी झाली. २०१९ च्या त्या अहवालात त्यांचे हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसे इतरांहून दुबळी आढळली नाहीत. एकटे जन्मलेले असे मूल वजनाला किंचित हलके असते खरे. पण दोष बशीचा की आईबापांच्या मूळ व्याधीचा? नॉर्वेत एकाच आईची दोन मुले, एक उपचाराने व एक आपसूक झालेले, ताडून पाहिली (२००८); वजनातला फरक जवळजवळ नाहीसा झाला.

काही वारसा मात्र खराच. शुक्रजंतू सुईने बीजात सोडून जन्मलेले मुलगे ब्रुसेल्स येथे वयात आले, तेव्हा त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या इतरांच्या निम्मीच भरली (२०१६). बापाचे उणे मुलाकडे आले, यात नवल ते काय!

खरा धोका निराळाच आहे, आणि तो आपणच ओढवून घेतो. पैसा पदरचा, तेव्हा घरची वडीलधारी म्हणतात, "जुळी झाली तर बरेच, एका खर्चात दोन!" म्हणून दोनतीन गर्भ एकदम ठेवले जातात. जुळी बहुधा दिवस भरण्याआधी येतात, हलकी येतात. फार लवकर आली तर फुप्फुसे व मेंदू यांवरची खूण जन्मभर राहते. स्कँडिनेव्हियात ६६१ स्त्रियांवर प्रयोग झाला (२००४). निम्म्यांना दोन गर्भ एकदम दिले, निम्म्यांना एकच. न रुजल्यास गोठवून ठेवलेला दुसरा पुढच्या खेपेस. पहिल्या गटात शंभरात सुमारे त्रेचाळीस जणींची कूस उजवली, दुसऱ्यात एकोणचाळीस. आणि जुळी? पहिल्या गटातील बाळंतपणांत शेकडा तेहतीस, दुसऱ्या गटात शंभरात एकही नाही म्हटले तरी चालेल.