विजेची कानस आणि नख

वेगानें फिरणारें हत्यार दिसलें कीं सामान्य माणसाचा सारा संशय त्याच्या वेगावर जातो. नखें सजविणाऱ्या दुकानांतील विजेच्या कानशीचेंही तसेंच झालें आहे. वस्तुतः नख बिघडतें तें बहुधा केवळ वेगानें नव्हे. तर चुकीच्या टोकानें आणि जड हातानें.

हें यंत्र दंतवैद्याच्या यंत्राचें भावंड होय. अमेरिकेंतील जॉर्ज ग्रीन यांनीं १८७५ सालीं दांत कोरण्याच्या विद्युत्-यंत्राचें पेटंट मिळविलें. त्याच जातीची मूठ आज नखांवर फिरते. तींत बसणाऱ्या टोकाचा दांडा २.३५ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि दंतवैद्यकांतील सरळ मुठीचें मापही तेंच आहे. कित्येक यंत्रें मिनिटास ३०,००० फेरे घेऊं शकतात.

खरें काम मात्र टोक करतें. टंगस्टन कार्बाइडच्या टोकास धारदार खांचा असतात. तें रंध्याप्रमाणें तासतें. हिऱ्याचे बारीक कण जडविलेलें टोक तासीत नाहीं, घासतें. तिसरा प्रकार दांड्यावर चढविलेल्या पॉलिश-कागदाच्या नळीचा; ती एका गिऱ्हाइकास वापरून टाकून द्यावयाची. कार्बाइड हें वरून चढविलेल्या ॲक्रिलिकच्या थरासाठीं आहे. नैसर्गिक नखास तें लावूं नये. तेथें बारीक कणांचें टोक आणि मंद गति हींच योग्य.

याचें कारण नखाच्या रचनेंत आहे. नख म्हणजे केराटिनयुक्त मृत पेशींचे थर. जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर, आणि त्याखालीं जिवंत मांस. टोक एकाच जागीं रेंगाळलें किंवा दाबलें, तर घर्षणाची उष्णता थेट तेथें पोंचते. टोक तिरपें धरल्यास त्याची कड रुतून नखावर तांबडी कोर उमटते. म्हणून टोक नखाशीं समांतर धरावें, हलकेंच टेंकवावें, उचलावें आणि पुढें न्यावें. मधुमेहानें ज्यांच्या बोटांची संवेदना मंदावली आहे, त्यांस चटका कळतच नाहीं. अशी व्याधि आहे काय, हें कारागिरानें काम आरंभण्यापूर्वींच विचारावें.

स्वच्छतेचा नियमही असाच कडक आहे. धातूचें टोक प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाच्या पाण्यांत ब्रशनें घासून, कोरडें करून, मग जंतुनाशकांत नेमलेला वेळ बुडवावें. धूळ तशीच राहिली तर औषध आंत पोंचत नाहीं. वांकलेलें टोक थरथरूं लागतें. तें टाकून द्यावें. उडणारी भुकटी श्वासांत जाऊं नये म्हणून ती शोषून घेणारा पंखा आणि तोंडावर मुखपट्टी असावी.

हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. क्षणभराच्या निष्काळजीपणानें पातळ झालेलें नख कोणत्याही तेलानें वा लेपानें पुन्हां जाड होत नाहीं. तें मुळापासून नवें येण्यास सुमारें ६ महिने लागतात. म्हणून गिऱ्हाइकानें 'पोळतें' म्हणतांच हात थांबविणें, हाच या विद्येचा पहिला धडा होय.