गोळी कुठल्या रकान्यात लिहायची?

शिकागोच्या विद्यापीठात मुलाला प्रवेश मिळाला की घरात आधी फीची चर्चा होते आणि मग बंदुकीची. आमच्या शेजारच्या काकूंचं तेच झालं. "मॅडम, तुम्ही आकड्यांमधल्या माणूस. सांगा बरं, पोराले धाडाव का नाही?" मी विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात उभी हयात संख्याशास्त्र शिकवण्यात घालवली. त्यामुळे डेंग्यू असो की शेअर बाजार, कॉलनीतला प्रत्येक आकडा माझ्या ओट्यावर येतो. काकूंना मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अर्धा तास मोकळा आहे का, एवढंच विचारलं.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसं मेली. तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा हा आकडा मोठा. काकूंना वाटलं, एवढे खून! पण यात खून होते २०,९५८. आत्महत्या २६,३२८. उरलेले अपघात, पोलिसांच्या गोळीने गेलेले आणि कारण ठरवता न आलेले. २०२३ मध्ये एकूण आकडा ४६,७२८ वर उतरला तो खून घटले म्हणून; आत्महत्या उलट २७ हजारांपलीकडे गेल्या. म्हणजे टीव्हीवर जी बंदूक दिसते, शाळेच्या आवारात चालणारी, ती या हिशेबाचा अगदी लहान तुकडा आहे. सर्वांत मोठा तुकडा बंद दाराआड असतो आणि त्याची बातमी होत नाही.

हे आपल्याला कळतं ते मृत्यूच्या दाखल्यामुळे. अमेरिकेत प्रत्येक दाखल्यावरचं कारण सांकेतिक क्रमांकात बसवून 'सीडीसी' या रोगनियंत्रण संस्थेकडे जातं. बंदुकीने आत्महत्या असेल तर एक्स ७२ ते एक्स ७४, दुसऱ्याने मारलं असेल तर एक्स ९३ ते एक्स ९५, अपघात असेल तर डब्ल्यू ३२ ते ३४. विद्यार्थ्यांना हे क्रमांक शिकवताना ते जांभया द्यायचे. मी त्यांना एक प्रश्न घालायची: चार वर्षांच्या मुलाने उशीखालचं पिस्तूल उचललं, चाप ओढला आणि धाकटी बहीण गेली. कुठल्या रकान्यात लिहाल? वर्गात दोन तट पडायचे. अमेरिकेत मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये, म्हणजे कोरोनरांमध्येही तसेच तट आहेत. गोळी दुसऱ्याच्या हातून सुटली ना, मग हत्या, असं काही जण लिहितात. न्यूयॉर्क टाइम्सने २०१३ मध्ये काही राज्यांतल्या अशा बालमृत्यूंचे कागद उकरले, तेव्हा प्रत्यक्षातले अपघात सरकारी आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाले. कुणी लपवाछपवी केली नव्हती. रकाना चुकला होता, इतकंच.

दाखल्याचं हे, तर व्याख्येचं विचारूच नका. 'मास शूटिंग' म्हणजे काय? 'गन व्हायोलन्स अर्काइव्ह' ही संस्था चार किंवा अधिक जणांना गोळी लागली की मोजते, मग कुणी मरो न मरो, जागा घर असो की रस्ता. 'मदर जोन्स' हे नियतकालिक सार्वजनिक जागी तीन किंवा अधिक जण मेले तरच मोजतं; टोळीयुद्ध आणि घरातली हत्याकांडं वगळतं. म्हणून २०१९ या एकाच वर्षासाठी पहिल्या यादीत चारशेहून अधिक घटना आहेत आणि दुसरीत दहाच्या आसपास. दोन्ही याद्या प्रामाणिक आहेत. वाहिन्यांवर मात्र ज्याला जी सोयीची ती तो वाचतो, आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो.

शाळांचा किस्सा तर वर्गात हमखास सांगावा असा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५-१६ च्या वर्षासाठी अहवाल दिला की सुमारे २४० शाळांत गोळीबाराची किमान एकेक घटना घडली. एनपीआर या रेडिओच्या वार्ताहरांनी शाळांना फोन लावले. खात्री पटली ती ११ घटनांची. क्लीव्हलंडच्या शाळांच्या नावावर ३७ घटना होत्या; तिथे फॉर्म भरणाऱ्याने चाकू-बंदूक सापडल्याचा आकडा चुकून गोळीबाराच्या ओळीत टाकला होता. सरकारी शिक्का होता म्हणून तो आकडा खरा ठरला नाही.

आता काळाची गोष्ट. २०२१ चा आकडा सर्वांत मोठा, हे खरं. पण लोकसंख्याही वाढली. लाख माणसांमागे किती, असा हिशेब केला तर २०२१ मध्ये १४.६ येतात आणि १९७४ मध्ये १६.३. बंदुकीने होणारे खून १९९३ नंतर झपाट्याने उतरले, बरीच वर्षं खाली राहिले आणि २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या वर्षात, एका उडीत जवळपास ३५ टक्क्यांनी वाढले. याच आलेखावर मला आणखी एक शंका नेहमी असते. पन्नास वर्षांपूर्वी पोटात गोळी लागलेला माणूस जिथे मरायचा, तिथे आज तो वाचतो, कारण रुग्णवाहिका लवकर येते आणि शस्त्रक्रिया सुधारली. मग मृत्यू घटले म्हणजे गोळीबार घटला असं कसं म्हणावं? त्यासाठी जखमींची नोंद हवी, आणि ती मृतांच्या नोंदीपेक्षा कितीतरी कच्ची आहे.

देशादेशांची तुलना करायची तर पहिला प्रश्न, बंदुका किती? जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा २०१७ चा अंदाज असा की जगात सामान्य नागरिकांकडे ८५ कोटी ७० लाख बंदुका आहेत, त्यांतल्या ३९ कोटी ३० लाख एकट्या अमेरिकेत. शंभर माणसांमागे १२०. भारतात सुमारे ७ कोटी, शंभरामागे पाच. आणि त्यांतल्या नोंदणी झालेल्या एक कोटीच्याही आत. उरलेल्या कट्टे आणि चोरट्या पिस्तुलांची मोजदाद कुणी घरोघर जाऊन केलेली नाही, हे ओघाने आलंच. तो तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज आहे.

अमेरिकेतही बंदुकांचं राष्ट्रीय रजिस्टर नाही. कायद्यानेच ते ठेवायला मनाई आहे. बंद पडलेल्या दुकानांचे विक्रीचे कागद खोक्यांत भरून पश्चिम व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात येतात. त्यांच्या प्रतिमा संगणकात ठेवता येतात, पण नाव टाकून शोधता येत नाही. गुन्ह्यातली बंदूक कुणी घेतली हे पाहायला कर्मचारी पानामागून पान उलटतात. मग संशोधक काय करतात? एखाद्या राज्यातल्या एकूण आत्महत्यांपैकी किती बंदुकीने झाल्या, हे पाहतात. तो वाटा जितका मोठा, तितक्या त्या राज्यात घरोघरी बंदुका जास्त, आणि घरोघरी केलेल्या सर्वेक्षणांशी हे मोजमाप चांगलं जुळतं. माहिती बंद केली की संख्याशास्त्रज्ञ खिडकीतून शिरतो, तो असा.

माहिती बंद करण्याचा प्रयत्न तर उघडपणे झाला. १९९३ मध्ये डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला: घरात बंदूक असेल तर त्या घरात कुणाचा खून होण्याचा धोका वाढतो. अभ्यासाला पैसा सीडीसीचा होता. बंदूकवाल्यांची संघटना खवळली. १९९६ मध्ये अर्कान्सासचे खासदार जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली, की सीडीसीचा निधी बंदूकनियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये. संशोधनाला बंदी नव्हती. पण बंदुकांवरच्या संशोधनावर जेवढे खर्च झाले होते, नेमके तेवढेच २६ लाख डॉलर संस्थेच्या अंदाजपत्रकातून कापले गेले आणि अधिकाऱ्यांना अर्थ कळला. दोन दशकांहून अधिक काळ त्या संस्थेने या विषयाकडे जवळपास पाठ फिरवली. डिकींनी स्वतः २०१२ मध्ये, सीडीसीतले त्यांचे जुने विरोधक मार्क रोझेनबर्ग यांच्याबरोबर लेख लिहून संशोधन व्हायला हवं असं जाहीर सांगितलं. पैसे मिळाले २०२० च्या अंदाजपत्रकात, अडीच कोटी डॉलर.

एव्हाना काकूंचा चहा निवला होता. त्यांना मी शिकागोचं सांगितलं. त्या शहरात २०२१ मध्ये आठशेच्या आसपास खून झाले. लोकसंख्या २७ लाख, म्हणजे लाखामागे तीसच्या घरात. सेंट लुईसचा दर याहून बराच जास्त, पण बदनामी शिकागोची. शिवाय हा धोका शहरभर सारखा पसरलेला नाही. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्टोस आणि सहकाऱ्यांनी शिकागो पोलिसांच्या अटकेच्या नोंदी जोडून पाहिल्या: २००६ ते २०१२ मध्ये गोळी लागून जखमी झालेल्यांपैकी ७० टक्के माणसं अशा जाळ्यातली होती, ज्यात शहराची सहा टक्क्यांहून कमी वस्ती येते. एकत्र गुन्ह्यात पकडलेल्यांचं ते जाळं. तुमचा मुलगा त्यात नाही, असं मी म्हटलं. पण घर कुठल्या भागात घेतो ते विचारा, आणि मन खचलं तर कुणाशी बोलतो तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाने त्या जरा चमकल्या.

मी तो मुद्दाम विचारला, कारण या सगळ्या आकडेवारीतून हाती लागलेली सर्वांत भक्कम गोष्ट आत्महत्येबद्दलची आहे. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळे देतात. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी कायदे कडक केले आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. सायमन चॅपमन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: पाच किंवा अधिक बळींची हत्याकांडं १९७९ ते १९९६ मध्ये तेरा, आणि त्यानंतर २०१६ पर्यंत एकही नाही. पण बंदुकीचे मृत्यू आधीपासूनच उतरत होते, आणि नंतर बंदुकीविना होणारे मृत्यूही उतरले. म्हणून एकूण घसरणीचं सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही, हे त्याच अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. असा कबुलीजबाब मला फार आवडतो. अँड्र्यू ली आणि क्रिस्टीन नील यांनी मग राज्याराज्यांची तुलना केली: जिथे जास्त बंदुका परत घेतल्या, तिथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या जास्त घटल्या.

स्वित्झर्लंडने तर नकळत प्रयोगच करून दिला. तिथे सैनिक शस्त्र घरी ठेवतात. २००३ मध्ये सैन्य निम्म्यावर आणलं, म्हणजे तितक्या घरांतली शस्त्रं गेली. १८ ते ४३ वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्या. त्याच वयाच्या बायकांत आणि मोठ्या वयाच्या पुरुषांत तशी घट दिसली नाही. बंदूक नाही म्हणून दुसरा मार्ग धरलेल्यांचं प्रमाण फक्त २२ टक्के. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांना शुक्रवार-शनिवारच्या सुटीत रायफल छावणीत ठेवून घरी जायला सांगितलं. जवानांच्या आत्महत्या ४० टक्क्यांनी उतरल्या, आणि घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती. कामाच्या दिवसांत फारसा फरक नाही. याहून स्वच्छ पुरावा आमच्या शास्त्रात क्वचित मिळतो.

"ज्याला मरायचंय तो कसाही मरतो" हे वाक्य मी विदर्भात शेतकऱ्यांच्या दारात असंख्य वेळा ऐकलं आहे. ते खोटं आहे. आपल्याकडे बंदुकीने आत्महत्या अगदी थोड्या. एकूण आत्महत्यांपैकी चौथ्या भागाच्या आसपास विषाने होतात, आणि खेड्यात ते विष म्हणजे कीटकनाशक. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि तिथला आत्महत्येचा दर १९९५ च्या शिखरावरून सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. श्रीलंकेतल्या कीटकनाशकाच्या डब्याचा नियम अमेरिकेतल्या बंदुकीच्या कपाटालाही लागू पडतो. जपान मात्र लक्षात ठेवावं: २०२१ मध्ये साडेबारा कोटी लोकांच्या त्या देशात गोळीबाराने एकच माणूस मेला, तरी आत्महत्येचा दर अमेरिकेपेक्षा जास्त होता. बंदूक दूर केली की दुःख संपतं, असं कुठलाही आकडा म्हणत नाही.

भारताच्या आकड्यांचं काय, हा प्रश्न मला माजी विद्यार्थी विचारतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं 'क्राइम इन इंडिया' १९५३ पासून निघतं. पण ते पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यांवर उभं आहे, आणि एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर सर्वांत जड कलम तेवढं मोजलं जातं. दवाखान्याच्या बाजूने पडताळा घ्यावा, तर २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले फक्त २२.५ टक्के. गोव्यात जवळपास सगळे प्रमाणित होतात. बहुतेक मोठी राज्यं त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. ज्या देशात पाचातल्या जवळपास चार मृत्यूंचं कारण डॉक्टरने लिहिलेलं नाही, त्या देशाने अमेरिकेच्या आकड्यांवर नाक मुरडू नये.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे. त्यानुसार मृत्यूचं कारण लिहिलेल्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. पालिकेतून मिळणाऱ्या दाखल्यावर कारण छापलेलं नसतं, म्हणून ही प्रत वेगळी मागावी लागते. दुर्दैवाने घरात तशी वेळ आली तर ती मागा, कारणाची ओळ वाचा, आणि तिथे नुसतं 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारा: हृदय कशामुळे बंद पडलं, तेही लिहा.